रिस्पॉन्डंट कय्युमभाई

राळेगावच्या बसस्टँडमागे कय्युमभाईंचं फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानात बसून ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यांनी एक लहानसा निर्णय घेतला. सर्व्हेवाल्या मुलीच्या प्रश्नांची उत्तरं बायकोला हाक न मारता आपणच द्यायची. (नवऱ्याने परस्पर निर्णय घेऊ नयेत, हे वीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं. पण त्या दिवशी ऊन फार होतं.)

त्यांचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. कापसाचा भाव पडला त्या दोन-तीन वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्यांपेक्षा माहिती वेचणारेच जास्त झाले होते. जीपमधून उतरायचे, खांद्याला शबनम, हातात फॉर्म. दिल्लीचे यायचे, मुंबईचे यायचे, एकदा तर टोपी घातलेला एक गोरा येऊन गेला. आणि हे सगळे जायचे कुठे, तर कय्युमभाईंच्या शेजारी राहणाऱ्या बाबारावांकडे. बाबारावांचं अकरा एकर कापसाचं शेत. त्यांना सहा वेळा विचारून झालं होतं. ते आता प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर द्यायचे आणि कोणत्या पानावर सही हवी तेही दाखवायचे. कय्युमभाईंना या सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला होता, आणि तो म्हणजे, "बाबारावांचं घर कोणतं?"

हे त्यांना लागत असे. "शेतकऱ्याचा पंप बिघडला तं तो पहिले कुठं येते? इथं. त्यानं यंदा किती फवारे मारले, कोनतं औषध मारलं, सारं मले माहीत. मंग मले काहून नाही विचारत?" असं ते बायकोला म्हणाले होते.

"विचारलं असतं तं काय सांगितलं असतं?" आयशाबी म्हणाली.

यावर कय्युमभाई उठून दुकानात गेले होते. पण माणसाला कोणीतरी विचारावं, एवढी त्यांची भूक खरी होती. धंदाही मंदावला होता. बीटीचं बियाणं आलं तेव्हा लोक म्हणाले, आता फवारणीच संपली. ती काही संपली नाही, पण भाव पडल्यावर जो तो जुनाच पंप सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून ओढू लागला. दिवसाला दोन गिऱ्हाइकं आली तर आली. उरलेला वेळ कय्युमभाई वायसरांचा डबा उपडा करायचे आणि आकारानुसार लावलेले वायसर पुन्हा आकारानुसार लावायचे.

अशात ती मुलगी आली. स्पृहा तिचं नाव, यवतमाळची. कुठल्याशा बाहेरगावच्या संस्थेसाठी काम करत होती. यावेळी सर्व्हेत शेती नसलेली घरंही घ्यायची होती आणि चिठ्ठी कय्युमभाईंच्या नावाची निघाली होती. (चिठ्ठीचं त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही. "नाव ऐकून आले" एवढंच सांगितलं.) ती स्टुलावर बसली, फॉर्मवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढे त्यांचं नाव घातलं.

"हे काय लिहिलं, बेटा?"

"रिस्पॉन्डंट. म्हणजे उत्तर देणारे. तुम्ही, चाचा."

आजवर त्यांना लोकांनी मिस्त्री म्हटलं होतं, पंपवाले म्हटलं होतं, काम लांबलं की आणखी काही काही म्हटलं होतं. हे पहिल्यांदाच. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले आणि नीट बसले.

"काही प्रश्न घरातल्या कामाचे आहेत. चाचींना बोलावू या?" स्पृहाने विचारलं.

"कायले? मी आहो ना."

इथेच ते घसरले. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. घरात माणसं किती, तर तीन. मोठा मुलगा अब्रार नागपूरला कामाला. मुलगी जेबा बारावीत. मग स्पृहाने पान उलटलं.

"पाणी कोण भरतं?"

आता खरं सांगायचं तर कय्युमभाईंची आणि पाण्याची गाठ फक्त पेल्यात पडत असे. पण समोर ती मुलगी पेन धरून बसलेली, चेहऱ्यावर ना राग ना लोभ, आणि खरं उत्तर तोंडातून काढायला त्यांना एकाएकी लाज वाटली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मीच."

"सकाळचा चहा?"

"तोही मीच."

"घरातले मोठे निर्णय?"

"दोघं मिळून. तिले विचारल्याबिगर मी पानही हलू देत नाही."

हळूहळू त्यांना मजा येऊ लागली. फॉर्मवर एक नवरा तयार होत होता आणि तो त्यांना मनापासून आवडला होता. शेवटी तिने विचारलं, "मुलीला पुढे किती शिकवायचं ठरवलंय?"

"जितकं शिकन तितकं," कय्युमभाई म्हणाले. "तिले वाटन तवा थांबन. आम्ही थांबवनारे कोन?" हे म्हणताना त्यांचा आवाज चांगला जड झाला.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. त्याने माश्या अडत, शब्द अडत नसत. पडद्याआड आयशाबी गोधडी शिवत होती आणि तिच्या बाजूला जेबा पुस्तक घेऊन बसली होती. स्पृहा गेल्यावर कय्युमभाईंनी हळूच पडदा सारून पाहिलं. आयशाबीचा टाका चालूच होता.  जेबाने तेवढं पुस्तक तोंडापुढे जरा वर धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कय्युमभाई जागे झाले ते उशाशी आणून ठेवलेल्या, पाणी भरायच्या दोन गुंडांच्या आवाजाने.

"नळ आला," आयशाबी म्हणाली.

"मंग?"

"पेनानं लिहिलं तिनं. मी पाह्यलं."

"अवं, ते कागदावरचं असते."

"कागद खोटा कराचा का मंग? फेब्रुवारीत परत येनार आहे ते पोरगी. मले येगळं विचारनार आहे म्हने."

कय्युमभाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे भांडण नव्हतं, म्हणूनच ते उठले.

नळ गल्लीच्या तोंडाशी होता. तिथली रांग बायांची. त्यात पुढे जमनाबाई उभी होती, जिच्या कानावर गेलेली गोष्ट आठवडी बाजारापर्यंत पायी पोचत असे.

"मिस्त्री, बायको माहेरी गेली का?"

"नाही."

"आजारी आहे?"

"नाही."

"भांडन झालं?"

"नाही वो, जमनाबाई. सर्व्हे झाला."

जमनाबाईने कीव केल्यासारखी मान हलवली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या गल्लीत सर्व्हे हा एक दुखण्याचा प्रकार आहे, असाच समज होता.

महिनाभराने गुंडाचं पाणी पायजम्यावर सांडायचं थांबलं. चहाही त्यांनी शिकून घेतला. पहिल्या दिवशीचा चहा पिऊन जेबा म्हणाली, "अब्बा, फॉर्ममध्ये चव विचारत नाही, हे बरं आहे." पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही. आयशाबीच्या उजव्या खांद्यात किती वर्षांपासून कळ होती, हे त्यांना स्वतःचा खांदा दुखू लागल्यावर कळलं. त्यांना वाईट वाटलं. वीस वर्षं ते दुसऱ्यांच्या पंपांचे पट्टे खांद्याला काचणार नाहीत असे बसवून देत होते.

फेब्रुवारीत स्पृहा आली. यावेळी तिने आयशाबीला आत जाऊन विचारलं. पडद्याच्या उलट्या बाजूला आता कय्युमभाई कान देऊन बसले.

"पाणी कोण भरतं, चाची?"

"हे भरते."

कय्युमभाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"नेहमीच?"

"तुम्ही येऊन गेल्या, त्या दिवसापासून."

पेन खरखरल्याचा आवाज आला. कय्युमभाईंनी वायसरांचा डबा पुढे ओढला. बाहेर येऊन स्पृहाने त्यांना मुलीचा प्रश्न पुन्हा विचारला आणि त्यांनी पुन्हा "जितकं शिकन तितकं" म्हटलं. पण यावेळी आवाज जड झाला नाही, कारण आठच दिवसांपूर्वी फुलसावंगीहून कलीमचा निरोप आला होता.

कलीम म्हणजे आयशाबीचा थोरला भाऊ. त्याने जेबासाठी स्थळ आणलं होतं. महागावला मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, माणसं सरळ, मागणं काही नाही. बारावीचा निकाल लागला की हो म्हणा, असा निरोप. जेबाला यवतमाळला बीएस्सी करायचं होतं. रोज एसटीने अप-डाऊन करीन, असं ती आईजवळ बोलली होती. बापाजवळ ती बोलली नव्हती. (बाप फॉर्ममध्ये बोलला होता, मग तिने कशाला बोलायचं?)

आणि कय्युमभाई दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. दुकानात रोज रिकामं बसून त्यांच्या मनाने एक धास्ती घेतली होती. आज चांगलं घर दारात आलंय. तीन वर्षांनी हे दुकान असेल का, आपण असू का, मग हिला कोण विचारेल? रात्रीच्या जेवणात ते जेबाकडे पाहायचे आणि घास फिरायचा.

तेव्हा त्यांनी ठरवलं की आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. फॉर्मवर दिलेलं उत्तर माणसाला बांधतं का? हे विचारायला ते समोरच्या श्रीकृष्णपंतांकडे गेले. पंत कोर्टातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी खटल्यांची कागदपत्रं लावली होती, आणि आता त्यांच्याकडे कोणी येत नसे, त्यामुळे विचारायला आलेल्या माणसाला ते लवकर सोडत नसत.

"रिस्पॉन्डंट," पंत म्हणाले. "हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की झोपेतही लिहीन. कोर्टात ज्याला जाब द्यावा लागतो तो. अर्ज दुसऱ्याचा, उत्तर याचं. पण थांबा, शब्दाचं मूळ पाहू."

"मूळ कायले पाह्यता, काका? बांधते का नाही, एवढं सांगा ना."

"तेच मुळात असतं, कय्युमभाई."

पंतांनी दोऱ्याने बांधलेला जाडजूड शब्दकोश काढला, भिंग काढलं, भिंग पुसायला धोतराचा सोगा काढला. मग म्हणाले, "हं. शब्द लॅटिनमधला. रे म्हणजे परत. स्पोंदेरे म्हणजे वचन देणं. साधं बोलणं नाही बरं, देवाच्या साक्षीने दिलेलं वचन. तेव्हा रिस्पॉन्डंट म्हणजे मुळात नुसता उत्तर देणारा नाही. विचारणाऱ्याला उलट वचन देणारा."

"वचन?"

"आणि पुढे ऐका. जुन्या रोममध्ये सोयरीक ठरवताना मुलीच्या बापालाच विचारत, देतोस का वचन? बाप म्हणे, स्पोंदेओ. दिलं. एक शब्द, की सोयरीक पक्की. इंग्रजीत नवरा-बायकोला स्पाउज म्हणतात, तोही याच घरातला शब्द."

कय्युमभाईंनी भिंग हातात घेऊन तो शब्द पाहिला. "म्हंजे आमच्या निकाहातल्या कबूलसारखं."

"अगदी तसंच."

"मंग मानूस उत्तर द्याले बसला म्हंजे..."

"म्हणजे फसला," पंत समाधानाने म्हणाले आणि कोश पुन्हा दोऱ्याने बांधू लागले.

कय्युमभाई सुटका शोधायला गेले होते, दोन हजार वर्षं जुनी बेडी घालून परत आले. त्यांना राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. वचन खोटं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. ते उत्तर देताना त्यांना खरंच तसा बाप व्हावंसं वाटलं होतं. पाण्याचं आणि चहाचं उत्तर लाजेने दिलं होतं. जेबाचं मात्र मनातून आलं होतं, आणि आता तेच निभवायला छाती होत नव्हती.

जूनमध्ये निकाल लागला. जेबा पहिल्या वर्गात पास झाली. रविवारी कलीम पेढे घेऊन फुलसावंगीहून आला, आणि तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच स्पृहाही आली. तिच्यासोबत धर्मपाल सर होते. भरलेले फॉर्म खरे की खोटे हे तपासणारे साहेब, अशी तिने ओळख करून दिली. त्यांच्या खिशात तीन रंगांची पेनं होती.

"पाहुने आहेत, नंतर या," कय्युमभाई म्हणाले.

"पाचच मिनिटं, चाचा. शेवटची फेरी आहे."

कलीम म्हणाला, "विचारू द्या ना. आपलं काय बिघडते? मीही ऐकतो."

पाण्याचा प्रश्न झाला, चहाचा झाला, निर्णयांचा झाला. कय्युमभाईंनी भराभर खरी उत्तरं दिली, आणि ती पहिल्या फेरीसारखीच असल्याचं पाहून त्यांनाच नवल वाटलं. मग स्पृहाने तो प्रश्न विचारला.

"मुलीला पुढे किती शिकवायचं ठरवलंय?"

 पडद्याआड भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. कलीमने खुर्ची पुढे सरकवली.

"कय्युममियाँ, हे तं सोपं आहे. ठरून राह्यलंच आहे आपलं."

धर्मपाल सर फॉर्ममधून मान वर न करता म्हणाले, "काका, आधीचं उत्तर बदललं असेल तर बदललं म्हणून सांगा. लोकांचं बदलतं. आम्ही नवीन लिहितो, जुनं तसंच राहू देतो. तुमच्यावर काही बंधन नाही."

बंधन नाही. हेच ऐकायला ते पंतांकडे गेले होते. आता साहेब स्वतःच्या तोंडाने सांगत होते आणि कय्युमभाईंना बरं काही वाटलं नाही. आपण म्हटलेलं कोणी खरं धरतच नसेल, तर इतके दिवस आपण कोणासाठी बोलत होतो? त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या खालच्या फटीतून चार पावलं दिसत होती. त्यातली दोन जेबाची होती आणि तिने एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर दाबून धरला होता. लहानपणी सुई टोचायच्या वेळी ती असंच करायची.

"नाही बदललं," कय्युमभाई म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "जितकं शिकन तितकं. लिहा."

कलीमचा चेहरा उतरला. "मंग मी महागावले काय सांगू?"

पडद्याआडून आयशाबी बोलली. तिने आवाज चढवला नाही.

"भाईजान, त्याईले तीनदा विचारलं. तीनदा त्याईनं कबूल केलं. आज दोन गवाह बी समोर बसले आहे. आता यात तुमचं-माझं काय चालते? पेढा खा."

कलीमने बहिणीच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग मेहुण्याकडे. त्याला राग आला होता आणि तो लपवावा असं त्याला वाटलं नाही. "मुलगा थांबनार नाही," तो म्हणाला. "चांगलं घर होतं."

"मले माहीत आहे," कय्युमभाई म्हणाले. "मले लय भेव वाटते, भाईजान. पन सांगून बसलो."

 कलीमने पेढ्याचा पुडा सोडला आणि पहिला पेढा स्पृहाला दिला, कारण या सगळ्यात दोष कोणाचा हे त्याला नक्की सांगता येईना.

इकडे धर्मपाल सर तिन्ही फेऱ्यांचे फॉर्म शेजारी ठेवून पाहत होते. पहिल्यात नवरा म्हणे, पाणी मीच भरतो. दुसऱ्यात बायको म्हणे, सर्व्हे झाला त्या दिवसापासून. त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं, खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या पानाच्या डोक्यावर आडवं काहीतरी इंग्रजीत लिहिलं. मग फॉर्म तिथेच ठेवून हात धुवायला ते बाहेरच्या टाकीकडे गेले आणि स्पृहा त्यांना पाणी घालायला गेली.

जेबा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी तिने बापाच्या डोळ्यात डोळे घालून पाहिलं होतं. कय्युमभाईंचा ऊर भरून आला. या घडीला मेहुणा समोर आहे, मुलगी समोर आहे, आणि आपल्याबद्दल साहेबाने तांबड्या शाईत लिहून ठेवलं आहे.

"बेटा, साहेबानं काय शेरा देला पाहा बरं," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. मामूले बी ऐकू दे."

जेबाने ट्रे ठेवला आणि पानावर वाकली. "रिस्पॉन्डंट नॉट रिलायबल."

"मतलब?" कलीमने विचारलं.

जेबाने एकदा बापाकडे पाहिलं. पण प्रश्न मामूने विचारला होता, आणि उत्तर देणं भाग होतं.

"मतलब, हा मानूस जे सांगते त्याच्यावर भरवसा ठेवू नका."

कलीमने चहाचा कप उचलला तो तोंडापर्यंत गेलाच नाही. पडद्यामागे आयशाबीला हसू आवरेना, ते तिने गोधडीत दाबलं. कय्युमभाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि एक लांब घोट घेतला.

"पाह्यलं ना, भाईजान," ते म्हणाले. "आत्ता कुठं बारावी झाली आहे. बीएस्सी झाल्यावर हे पोरगी माह्याबद्दल आनखी काय काय वाचन, ते तुम्हीच सांगा."